बॉनी केट कोणाची?

आयरिश संगीताची कोणतीही सीडी उलटी करून मागची यादी वाचा. धुनांची नावं एकाखाली एक छापलेली असतात आणि बहुतेकींसमोर एकच शब्द असतो: ‘ट्रॅड.’ ट्रॅडिशनलचं लघुरूप, म्हणजे आपल्याकडे ज्याला ‘पारंपरिक’ म्हणतात ते. कधी त्याला पुढे जोड असते, ‘अरेंज्ड बाय’, आणि मग वाजवणाऱ्या मंडळींची नावं. धून कोणी बांधली, कोणाच्या हातून ती या मंडळींपर्यंत पोचली, याचा पत्ता त्या कागदावर नसतो. आता सीडी मागे पडून मोबाइलवर ऐकणं आलं, तेव्हा तो कागदही गेला. उरला तो एक शब्द, आणि पुष्कळदा तोही नाही.

नोकरीनिमित्त काही वर्षं मी आयर्लंडमध्ये होतो. तिथल्या पबमध्ये टेबलाभोवती बसून वाजवणाऱ्यांच्या बैठका भरतात, त्यांना सेशन म्हणतात. मी वाजवणारा नव्हे, ऐकणारा. पण नेमाने जात असे. तिथे जे दिसलं ते या छापील शब्दाच्या अगदी उलट होतं. धून संपून ग्लास उचलले गेले की कोणीतरी हमखास विचारणार, ‘ही कोणाकडून घेतलीस?’ आणि उत्तरात माणसाचं नाव यायचं, त्याचं गाव यायचं, कधी तो कोणाचा मुलगा हेही यायचं. आपल्याकडे गवई गुरूचं नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावतो, त्याच जातीचा हा आदर. तोंडी व्यवहारात इतक्या काटेकोरपणे पाळलेली ही रीत छापताना, नोंदवताना, पैशांचा हिशेब करताना का गळून पडते, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनातून गेलेला नाही. माझं म्हणणं सरळ आहे. धून सगळ्यांची आहे, ती सगळ्यांचीच राहावी. पण ती ज्यांच्या हातांतून आली त्यांची नावं तिच्यासोबत चालली पाहिजेत, आणि ती लिहिण्याची जबाबदारी जो ती पुढे विकतो, प्रसारित करतो किंवा शिकवतो त्याची आहे.

एकच रील घेऊन पाहू. रील म्हणजे झपाट्याची नाचाची धून. चार मात्रांचं आवर्तन, त्यात बहुधा आठ सूर, अशा आठ आवर्तनांचा एक भाग. सहसा दोन भाग असतात आणि प्रत्येक दोनदा वाजतो. बत्तीस आवर्तनांत धून एकदा पुरी होते. दोन-तीन फेऱ्या झाल्या की न थांबता दुसऱ्या रीलमध्ये उडी. आयर्लंडच्या सेशनमध्ये सगळ्यांत जास्त वाजतात त्या रीलच. त्यातली एक ‘बॉनी केट’, देखणी केट. फिडल, म्हणजे लोकसंगीतातलं व्हायोलिन, वाजवणाऱ्यांची ही लाडकी रील, आणि ती नीट वाजवता येणं ही एक परीक्षाच समजली जाते. सीडीवर तिच्यासमोर काय लिहिलेलं असतं? ‘ट्रॅड.’

या धुनेला आई-बाप नाहीत असं मात्र नाही. डॅनियल डाऊ नावाचा एक स्कॉटिश फिडलवादक होता, मूळचा पर्थशायरकडचा, एडिनबरोत संगीत शिकवून पोट भरणारा. 1775 च्या सुमारास त्याने रील आणि स्ट्रॅथस्पे या प्रकारांतल्या आपल्या धुनांचा संग्रह छापला. त्यात ‘द बॉनी लास ऑफ फिशररो’ या नावाने ही धून आहे. फिशररो ही एडिनबरोलगतच्या मसलबरामधली कोळ्यांची वस्ती. तिथल्या कोळिणी मासळीच्या टोपल्या पाठीवर घेऊन एडिनबरोच्या बाजारात जात. त्या बंदराच्या नावाची ही रील पुढे समुद्र ओलांडून आयर्लंडला गेली, फिशररो गळालं आणि केट चिकटली. डाऊ 1783 मध्ये वारला.

आयर्लंडची आज ओळख बनलेली रील मुळात स्कॉटलंडहून अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथे रुजली, याबद्दल अभ्यासकांत फारसं दुमत नाही. रुजवणारी माणसंही माहीत आहेत. फिरते नृत्यशिक्षक एक. आर्थर यंग हा इंग्रज शेतीतज्ज्ञ 1770 च्या दशकाच्या उत्तरार्धात आयर्लंडभर हिंडला. त्याने लिहून ठेवलं आहे की गरिबांतले गरीब लोकही नाच शिकतात, आणि नृत्यशिक्षक पाइपवाल्याला किंवा आंधळ्या फिडलवाल्याला बरोबर घेऊन खोपटामागून खोपटं हिंडतात. तीन महिन्यांच्या शिकवणीचे सहा पेन्स. दुसरे हंगामी मजूर. डोनेगल परगण्यातली माणसं दरवर्षी बटाटे काढायला स्कॉटलंडला जात आणि परत येताना मजुरीबरोबर धुनाही आणत. म्हणूनच डोनेगलच्या फिडलवादनात स्कॉटलंडचा वास आजही सर्वांत दाट आहे. डाऊची धून यांतल्या कोणत्याही वाटेने गेली असो, तिचा प्रवास अशाच पायांनी झाला.

मग ती डाऊची, असं म्हणून विषय संपवायचा का? नाही. कारण आज आयर्लंडमध्ये जी ‘बॉनी केट’ वाजते ती डाऊने छापलेली नाही. ती मायकेल कोलमनची आहे.

कोलमन 1891 चा. स्लायगो परगण्यात किलाव्हिल नावाच्या खेड्यात, गुर्टीनजवळ, शेतकऱ्याच्या घरी जन्मला. वडील बासरी वाजवत. आजूबाजूच्या दहा मैलांत फिडलवाल्यांची रेलचेल. 1914 मध्ये तो अमेरिकेला गेला, व्होडव्हिलच्या, म्हणजे नाच-गाणी-नकलांच्या मिश्र खेळांच्या, रंगमंचांवर वाजवू लागला आणि 1921 ते 1936 या पंधरा वर्षांत न्यूयॉर्कमध्ये त्याने 80 च्या आसपास ध्वनिमुद्रणं केली. मिनिटाला 78 फेऱ्या घेणाऱ्या तबकड्या, प्रत्येक बाजू तीन मिनिटांची. ‘बॉनी केट’ला ‘जेनीज चिकन्स’ ही रील जोडून त्याने वाजवलेली बाजू ऐका. पहिला भाग पुन्हा येतो तेव्हा तोच राहत नाही. सुरांच्या वेलांट्या बदलतात, गज कुठे लांबतो, कुठे तिहेरी झटका देतो. नोटेशनमध्ये जेमतेम सांगाडा उरेल असं ते वाजवणं आहे. डाऊच्या कागदावरच्या धुनेपासून हे इतकं पुढे गेलेलं आहे की कोलमनला नुसता ‘वाजवणारा’ म्हणणं मला जड जातं.

या तबकड्या निघाल्या कशा हेही सांगितलं पाहिजे, कारण तिथेही एक विसरलेलं नाव आहे. एलन ओबर्न नावाची लीट्रिम परगण्यातली बाई न्यूयॉर्कला दुकान चालवत असे. गिऱ्हाईक येऊन आयरिश नाचाच्या तबकड्या मागायचं आणि त्या नव्हत्याच. तिने कोलंबिया कंपनीकडे धरणं धरलं. पाचशे प्रती तू घेणार असशील तर काढतो, असं कंपनीने सांगितलं. ती तयार झाली. 1916 मध्ये अकॉर्डियन आणि बँजोवरची ती तबकडी आली आणि हातोहात संपली. त्या दुकानदारणीने पैसे पणाला लावले नसते तर कोलमनला ध्वनिमुद्रणाच्या खोलीत कोणी कधी बोलावलं असतं, कोण जाणे.

अमेरिकेतून गावी येणाऱ्या पार्सलांत कपड्यांबरोबर या तबकड्या येऊ लागल्या. ज्या घरात ग्रामोफोन त्या घरात गाव गोळा होई, आणि फिडल शिकणारी मुलं सुई पुन्हा पुन्हा मागे ठेवून कोलमनचे सूर उचलत. परिणाम खोल झाला. क्लेअरचा, केरीचा, गॉलवेचा माणूस आपल्या गावची ढब सोडून स्लायगोसारखं वाजवू लागला. तबकडीच्या एका बाजूला कोलमनने ज्या क्रमाने धुना गुंफल्या तो क्रमसुद्धा कायमचा झाला. 1934 मध्ये त्याने ‘टारबोल्टन’, ‘लाँगफर्ड कलेक्टर’ आणि ‘सेलर्स बॉनेट’ अशा तीन रील पाठोपाठ वाजवल्या. आज जगाच्या पाठीवर कुठल्याही सेशनमध्ये ‘टारबोल्टन’ सुरू झाली की पुढच्या दोन कोणत्या हे कोणाला सांगावं लागत नाही. टारबोल्टन हेही स्कॉटलंडच्या एअरशायरमधलं खेडं. एका माणसाची एका दुपारची निवड नव्वद वर्षं लाखो हात पाळताहेत, आणि त्यावर शिक्का ‘परंपरेचा’.

म्हणजे ‘बॉनी केट’चा उगम विचारला तर निदान दोन नावं खात्रीने सांगता येतात. त्यानंतर प्रत्येक वाजवणाऱ्याचं स्वतःचं तिसरं नाव असतं, ज्याच्याकडून त्याने घेतली ते. तिन्ही खरी. तिन्हींना पुसून जो एक शब्द छापला जातो तो मला म्हणूनच खटकतो. ‘पारंपरिक’ म्हणताना आपण परंपरेचा मान राखतो आहोत असं वाटतं, पण परंपरा ज्यांनी चालवली ती माणसंच त्यातून बाहेर ढकलली जातात.

सगळ्यांत जास्त बाहेर ढकलली जातात ती आधीच बाहेर असलेली. ‘रेकिश पॅडी’ ही दुसरी एक रील घ्या. तिचं मूळ ‘काबर फे’ या स्कॉटिश गेलिक धुनेत आहे. काबर फे म्हणजे सांबराची शिंगं, मॅकेन्झी कुळाचं चिन्ह. कुळाच्या मानाची धून एका छंदीफंदी पॅडीच्या नावाने आयर्लंडभर वाजू लागली. पण इलिन पाइप्सवर, म्हणजे काखेतल्या भात्यावर वाजणाऱ्या आयरिश पाइपवर, ती आज ज्या धगीने वाजवली जाते तिच्यामागे जॉनी डोरन आहे. डोरन भटक्या समाजातला, ज्यांना तिथे ट्रॅव्हलर्स म्हणतात. घोड्याच्या गाडीत संसार, आज या जत्रेत तर उद्या त्या शर्यतीच्या मैदानात वाजवायचं. एकोणिसाव्या शतकातला नामांकित पाइपवादक जॉन कॅश हा त्याचा पणजोबा. क्लेअरमधल्या मिलटाउन मॅलबे गावात त्याला ऐकून विली क्लॅन्सी नावाच्या तरुणाने पाइप हातात घेतले, आणि आज त्या विलीच्या नावाने दर उन्हाळ्यात भरणाऱ्या शाळेला जगभरातून विद्यार्थी येतात.

डोरनचं वाजवणं उरलं ते योगायोगाने. 1947 मध्ये जॉन केली या क्लेअरच्या फिडलवादकाने आग्रह धरला म्हणून आयरिश लोकसाहित्य आयोगाच्या केव्हिन डॅनहर यांनी डब्लिनमध्ये त्याच्या काही धुना तबकड्यांवर घेतल्या. पुढच्याच जानेवारीत डोरनच्या गाडीवर भिंत कोसळली, तो जायबंदी झाला आणि 1950 मध्ये गेला. त्याच्या मोजक्याच धुना आज आपल्याकडे आहेत. 2017 साली आयरिश सरकारने ट्रॅव्हलर्सना स्वतंत्र वांशिक समुदाय म्हणून मान्यता दिली, आणि त्याच वर्षी इलिन पाइप्सचं वादन युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेलं. दोन्ही बातम्या मी त्या वर्षी वाचल्या आणि त्यांच्यातला धागा जोडणारं कोणी फारसं दिसलं नाही म्हणून वाईट वाटलं. ज्या समाजाच्या गाड्यांना गावाबाहेर थांबायला जागा मिळत नव्हती, त्या समाजाने जपलेलं वाद्य राष्ट्राचा वारसा झालं. रेकॉर्डवर ‘रेकिश पॅडी, ट्रॅड.’ असं छापलं की हा सगळा इतिहास एका शब्दात गाडला जातो. ‘जॉनी डोरनकडून’ असं छापलं तर निदान एक दार किलकिलं राहतं.

हे करता येत नाही असं कोणी म्हणू नये, कारण करून दाखवलेलं आहे. फ्रान्सिस ओनील हा कॉर्क परगण्यातल्या बँट्रीजवळचा माणूस, 1848 चा. सोळाव्या वर्षी घर सोडून जहाजावर गेला, जग फिरला, 1873 मध्ये शिकागोच्या पोलिसांत भरती झाला आणि 1901 मध्ये तिथला पोलीसप्रमुख बनला. शिकागोत आयरिश स्थलांतरितांची दाटी होती, आणि वाजवणारा कोणी भेटला की ओनील त्याच्या धुना लक्षात ठेवत असे. त्याला स्वतःला नोटेशन नीट लिहिता येत नव्हतं. तो गुणगुणे किंवा बासरीवर वाजवे आणि जेम्स ओनील नावाचा त्याचाच एक पोलीस सहकारी लिहून घेई. 1903 मध्ये दोघांच्या मेहनतीतून 1850 धुनांचा संग्रह निघाला. या ग्रंथावर टीका पुष्कळ झाली आहे आणि बरीचशी योग्य आहे. संपादकांनी धुनांवर हात फिरवला आहे. पण त्यात पुष्कळशा धुनांपाशी ती देणाऱ्याचं नाव आहे: मॅकफॅडन, डिलेनी, अर्ली, क्रोनिन. हमाली करणारे, गिरणीत राबणारे, पोलिसात असलेले हे लोक. शंभर वर्षांपूर्वी, हाताने जुळवलेल्या टाइपात, एका नोकरदार माणसाने रात्री जागून हे केलं. आजच्या संगणकीय नोंदींत ‘स्रोत’ नावाचा एक रकाना ठेवणं जड का जावं?

1935 मध्ये स्थापन झालेल्या लोकसाहित्य आयोगाने तर याला शिस्तीचं रूप दिलं. सेमस एनिस हा स्वतः अव्वल पाइपवादक. 1942 ते 1947 अशी पाच वर्षं तो आयोगाच्या नोकरीत सायकलवरून पश्चिम किनारा पिंजत होता. दोन हजारांवर गाणी आणि धुना त्याने लिहून आणल्या, त्यांतली दोनशेहून अधिक कॉनेमारातल्या ग्लिन्श्क गावच्या कोलम ओ क्वीअन या एकाच माणसाकडून. एनिसच्या वहीत प्रत्येक नोंदीपाशी देणाऱ्याचं नाव आणि ठिकाण आहे. शिवाय तो रोजनिशी लिही: आज अमक्याकडे गेलो, तो गवत कापत होता, मीही विळा घेतला, मग चुलीपाशी बसून त्याने गाणं सांगितलं. पुढे ब्रेन्डन ब्रेनॅक या सरकारी नोकराने 1963 पासून जे नाचाच्या धुनांचे संग्रह काढले, त्यांतही प्रत्येक धुनेमागे टीप आहे, कोणाकडून घेतली, आधी कुठे छापलेली आढळते. डब्लिनमधलं 1987 साली सुरू झालेलं पारंपरिक संगीताचं संग्रहालय त्याच वळणाने चालतं. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या या संस्थांनी नाव लिहिणं हा कामाचाच भाग मानला. बाजारात आलं की मात्र ते ऐच्छिक होतं.

आता विरोधी मुद्दे. त्यांतले दोन मला गंभीरपणे घ्यावेसे वाटतात.

पहिला मुद्दा जुन्या वादकांकडून ऐकलेला आहे. परंपरा विसरण्यावर चालते, असं ते म्हणतात. माणूस विसरला जातो म्हणून धून मोकळी होते, पुढचा तिला आपल्या हाताने वळवतो. नावाचं लेबल चिकटवलंत की लोक ‘मूळ’ शोधत बसतील आणि डाऊने जसं छापलं तसंच वाजवा म्हणतील. आयरिश भाषेत निनावी धुनेसाठी ‘गन अॅनिम’ असा शब्दच आहे, नाव नसलेली. आणि त्यात कोणाला उणेपणा वाटत नाही. ईस्ट गॉलवेतल्या किलकोनलचे पॅडी फेही यांचं उदाहरण तर मला स्वतःलाही अडवतं. अतिशय हळव्या, वळणदार धुना त्यांनी रचल्या आणि एकीलाही नाव दिलं नाही. व्यावसायिक ध्वनिमुद्रणही कधी केलं नाही.

पण फेहींच्या धुनांचं पुढे काय झालं पाहा. लोकांनी त्यांना ‘पॅडी फेहीज’ हेच नाव दिलं, सगळ्यांना एकच. रचणाऱ्याने मागितलं नाही तरी वाजवणाऱ्यांनी ते सोडलं नाही. आयरिश धुनांच्या नावांत असे कितीतरी सापडतील, ‘मार्टिन विन्स’ वगैरे, जिथे रचणाऱ्याचं नावच धुनेचं नाव झालं आहे. म्हणजे विसरणं हा या संगीताचा नियम नाही. जिथे आठवण ठेवता आली तिथे ती ठेवली गेली. आणि ‘मूळ’ गोठवण्याची भीती कोलमननेच खोटी ठरवली आहे. त्याचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे, त्याची ‘बॉनी केट’ सगळ्यांनी ऐकली आहे, तरी दोन चांगले फिडलवादक ती सारखी वाजवत नाहीत. उलट कोलमनने काय केलं हे ठाऊक असलं तरच आपण त्याच्यापासून कुठे वळलो ते कळतं.

याच मुद्द्याचा एक भाऊ आहे, राष्ट्राभिमानाचा: धून स्कॉटिश निघाली तर आयर्लंडचं काय राहिलं? आयरिश भाषा जगवण्यासाठी 1893 मध्ये स्थापन झालेल्या गेलिक लीगमधल्या उत्साही मंडळींनी क्वाड्रिल या परदेशी जोडीनाचातून आलेले सेट नाच परके म्हणून बाजूला सारले होते, आणि खेड्यातले लोक तेच नाच पिढ्यान्‌पिढ्या नाचत आले होते. या वादात मला वेळ घालवावासा वाटत नाही. कोलमनची तबकडी लावा आणि ऐका.

दुसरा मुद्दा खरा अवघड आहे आणि तो पैशाचा आहे. नावं लिहायला लागलात की त्यामागून मालकी येईल, असं अनेकांना वाटतं. आज निनावी आहे म्हणून फुकट वाजवता येतं; उद्या कोणाचा तरी नातू उभा राहील. ही भीती कल्पनेतली नाही. 1990 च्या दशकात आयर्लंडमधल्या संगीत-हक्क संस्थेने पबमालकांकडून परवाना शुल्क मागायला सुरुवात केली, तेव्हा सेशनमध्ये वाजणाऱ्या धुनांनाही ते लागू आहे का, यावरून मोठा गदारोळ झाला. 1998 मध्ये ती संस्था आणि 1951 पासून काम करणारी कोल्तस ही पारंपरिक संगीताची सर्वांत मोठी संघटना यांच्यात करार झाला. कराराने तंटा शमला, पण सगळ्या वादकांच्या वतीने सही करायचा अधिकार एका संघटनेला कोणी दिला, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला.

माझ्या मते इथे दोन गोष्टींची गल्लत होते. श्रेय आणि मालकी वेगळी आहेत. युरोपात रचनेवरचा हक्क रचणाऱ्याच्या मृत्यूनंतर 70 वर्षं टिकतो. डाऊ गेला 1783 मध्ये. त्याचं नाव लिहिल्याने कोणाला एक पेनी द्यावी लागत नाही. कोलमनच्या तबकड्यांवरचे हक्कही युरोपात केव्हाच संपले. उलट नाव आणि साल लिहिलेलं असेल तर धून मोकळी आहे हे सिद्ध करता येतं. खरा धोका ‘ट्रॅड.’मध्येच आहे, कारण त्याच्या पुढे ‘अरेंज्ड बाय’ लावता येतं. मांडणीवर हक्क सांगता येतो, आणि खरोखर नवी मांडणी केली असेल तर तो सांगायलाही हवा; स्वरसंगती बांधणं, चार वाद्यांत धून वाटणं हे कष्टाचं काम आहे. पण सरळसोट वाजवलेल्या रीलवरही तोच शिक्का बसतो आणि मानधनाचा वाटा नोंदवला जातो. ज्या धुनेला मालक नाही असं आपण म्हणतो, तिला अशा रीतीने मागल्या दाराने मालक मिळतो. माझ्या एका मित्राने घरच्या ओट्यावर बसून ‘बॉनी केट’ वाजवली आणि इंटरनेटवर चढवली. दोन दिवसांत सूचना आली की हे संगीत दुसऱ्या कोणाच्या ध्वनिमुद्रणाशी जुळतं, सबब जाहिरातीचं उत्पन्न त्यांचं. अडीचशे वर्षं जुनी रील, दोघांनीही तीच वाजवली, जुळणारच. त्याने हरकत घेतली तेव्हा पुरावा मागितला गेला. त्याच्याकडे सांगायला डाऊचं नाव होतं, संग्रह होता, म्हणून तो सुटला. ज्याला हे ठाऊक नाही त्याने काय करायचं?

आणि निनावीपणाचा फटका उलट बाजूनेही बसतो. एड रीव्ही हा कॅव्हन परगण्यातून मुलगा असताना फिलाडेल्फियाला गेलेला, नळजोडणीचं काम करणारा माणूस. फावल्या वेळात त्याने शेकड्याने धुना बांधल्या. ‘द हंटर्स हाउस’ ही त्याची रील इतकी पसरली की वाजवणाऱ्यांतल्या अनेकांना ती दोनशे वर्षं जुनी वाटते. रीव्ही 1988 मध्ये गेला. त्याच्या धुनेसमोर ‘ट्रॅड.’ लिहिणं ही चूक तर आहेच, त्याच्या कुटुंबाचं त्यात नुकसानही आहे. क्लेअरचा ज्युनिअर क्रिहन 1998 पर्यंत आपल्यात होता. त्याच्या ‘द ऑटर्स होल्ट’चंही तेच. जिवंत माणसाची कृती लोकांच्या तोंडी इतकी रुळावी की ती त्याची राहू नये, यात एक गौरव आहे हे मलाही कळतं. पण तो गौरव त्याने स्वीकारायचा असतो. कंपनीने त्याच्या वतीने परस्पर वाटायचा नसतो.

तेव्हा मागणी काय, ती नेमकी सांगतो. हक्क-संस्थांनी ‘पारंपरिक’ म्हणून नोंद घेताना दोन रकाने सक्तीचे करावेत: ज्ञात असल्यास रचणारा, आणि ज्याच्याकडून किंवा ज्या ध्वनिमुद्रणावरून घेतली तो स्रोत. ‘मांडणी’ची नोंद करणाऱ्याने नवीन काय केलं हे दोन ओळींत लिहावं, नसेल तर त्या नोंदीवर मानधन नको. सरकारी अनुदानातून निघणाऱ्या प्रत्येक ध्वनिमुद्रणाला आणि सार्वजनिक नभोवाणीवरच्या कार्यक्रमाला हेच बंधन असावं. मोबाइलवर संगीत पुरवणाऱ्या कंपन्या गीतकार, निर्माता, ध्वनिमुद्रक सगळ्यांची नावं साठवतात, त्यांना ‘स्रोत’ साठवता येत नाही हे मला पटत नाही. आणि फिडलच्या शिकवणीत पहिल्या धुनेबरोबर पहिलं नावही शिकवलं जावं. केरीच्या सीमेवर पाड्रिग ओकीफ हा फिरता फिडलशिक्षक 1963 पर्यंत घरोघर शिकवत हिंडला. कोणती तार, कोणतं बोट, हे खुणांनी आणि आकड्यांनी कागदाच्या चिटोऱ्यांवर लिहून तो मुलांना देई. ते चिटोरे कुटुंबांनी ट्रंकांत जपून ठेवले म्हणून आज कोणती धून कोणत्या घरात शिकवली गेली हे कळतं. ज्यांना कोणी सक्ती केली नव्हती त्यांनी कागद जपले.

‘बॉनी केट’पुरतं सांगायचं तर ओळ अशी व्हावी: डॅनियल डाऊ, एडिनबरो, 1775 च्या सुमारास, मायकेल कोलमन, किलाव्हिल आणि न्यूयॉर्क, आणि त्यापुढे, वाजवणाऱ्याने जिच्याकडून किंवा ज्याच्याकडून ती ऐकून उचलली, त्या व्यक्तीचं नाव आणि गाव. सीडीच्या पाठीवर, अगदी बारीक टाइपातही, एवढी जागा मिळते.